रोज्याचा महिना आणि माझी जीभ

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझ्या दोस्ताचं हाटेल आहे. हाटेल म्हणजे काय, चार बाकडी, डोक्यावर पत्रा आणि दारात भट्टी. भट्टीवर मटकीच्या रश्श्याचं पातेलं. तो पाच वेळची नमाज पढणारा आणि मी शनिवारी मारुतीला तेल घालणारा. पण जवानीत आम्ही दोघांनी एकाच बैलबाजारात दलाली केली, तेव्हापासून जमलं ते जमलं. त्याच्या हाटेलात अंडंसुद्धा फुटत नाही, म्हणून गळ्यात माळ घातलेली माणसंही तिथं निवांत बसून खातात.

रमजानच्या महिन्यात तो दिवसा पाण्याचा थेंब घेत नाही. हाटेल मात्र चालू असतं, कारण बाजाराला आलेल्या माणसाची भूक काही महिनाभर थांबत नाही. अडचण एकच. रस्सा करायचा, पण चाखायचा नाही. नुसतं जिभेला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं त्याला त्याच्यातल्याच जाणत्या माणसांनी सांगितलेलं. त्याचं म्हणणं, चालत असेल, पण मनात शंका ठेवून रोजा धरायचा तर त्यापेक्षा पोटभर जेवलेलं काय वाईट. म्हणून त्या महिन्यात त्याची जीभ मी. चाळीस वर्षं हे चाललं. माझ्या गावाहून सकाळच्या जीपनं जायचं, त्यानं वाटीत पळीभर रस्सा द्यायचा, मी चाखून सांगायचं. मीठ कमी. तिखट चढलं. बराबर. मी 'बराबर' म्हटलं की तो पातेल्यावर झाकण ठेवायचा. दुसऱ्या कोणाला विचारायचा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पंचायतीत माझं मत कोणी विचारत नाही. हळद कधी काढायची, कधी शिजवायची, हे आता माझं पोरगं ठरवतं आणि झाल्यावर मला सांगतं. पण वर्षातून एक महिना बाळापुरातली एवढी माणसं माझ्या जिभेच्या भरवशावर जेवतात, याची मला घमेंड होती. आता लपवून काय करू.

या कामात माझ्या बायकोचाही वाटा होता. त्या महिन्यात ती मला सकाळी दुधात कुस्करलेली भाकर द्यायची. कांदा नाही, ठेचा नाही. आणि माझी तंबाखूची पुडी काढून स्वतःच्या कनवटीला खोचायची. मी परत येईपर्यंत ती काही सुटायची नाही.

"दुसऱ्याच्या धंद्याला तोंड लावायला जाता," म्हणायची, "तर तोंड धुऊन जावा."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी ती गेली. झोपेतून उठलीच नाही. वयानं मी मोठा, पहिला नंबर माझा होता. जन्मभर रांगेत गपगुमान उभी राहणारी बाई, आणि इथं नंबर तोडून पुढं गेली.

तेव्हापासून माझ्या घरच्या स्वयंपाकाची चव गेली. मला तसंच वाटायचं, म्हणून तसंच लिहितो. सून वरण करायची, ते पाण्यासारखं. वांगं केलं तर कापसासारखं. मी आधी कुकरला दोष दिला. मग खताला दिला, की खत मारून मारून तुरीतला दम गेला. मग सरकारला दिला. ताटात वरून मीठ घ्यायचो आणि जेवून उठायचो. सुनेला काही बोललो नाही. बोललो नाही याचंच मला फार कौतुक वाटायचं.

रमजान लागला तसा मी बाळापूरला जाऊ लागलो. आता दूधभाकर कोण देणार आणि पुडी कोण काढून घेणार. जीपमध्ये बसलो की चिमूट गालात, उतरलो की थुंकून टाकायची, चूळ भरायची आणि रस्सा चाखायचा. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, मीठ कमी. त्यानं टाकलं. दुसऱ्या दिवशीही कमी. आठवडाभर मी रोज तेच सांगितलं आणि तो रोज हात सैल सोडत गेला. शेवटी मी स्पष्टच बोललो की गड्या, मिठाचा सवाल न्हाई, तुझ्या रश्श्याला चवच न्हाई. त्याचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत मी त्याला असं बोललो नव्हतो.

त्या दिवसांत गिऱ्हाईक पाणी फार पीत होतं. जगावर जग रिकामे होत होते. एका मास्तरानं अर्धी वाटी तशीच ठेवली. मला वाटलं, ऊन वाढलं.

मग बाजाराचा दिवस आला. हाटेल भरलेलं. मी चाखायला म्हणून भट्टीमागं गेलो तर मिठाच्या डब्याआड एक पाकीट दिसलं. आत पांढरे दाणे, साखरेहून बारीक, काचेसारखे चमकणारे. मी ते ओळखलं. पोराच्या मोबाइलवर मी एक व्हिडिओ बघितला होता, चायनीजच्या गाडीवर असलं चायनीज मीठ टाकतात, त्यानं नसा सुकतात आणि माणसाचं डोकं जातं. माझं टाळकं सरकलं. एवढी वर्षं ज्याच्या पातेल्याची मी हमी घेतली, तो गुपचूप हे टाकून राहिला.

मी पाकीट हातात धरून बाहेर आलो आणि बाकड्यांसमोर उभा राहिलो.

"हे बघा," मी म्हटलं, "हा माणूस रश्श्यात इख कालवून राहिला."

हात थांबले. एकानं तोंडातला घास कागदावर काढून ठेवला. एकानं मोबाइल काढून पाकिटाचा फोटो घेतला. मला ते बघून बरं वाटलं, हेही लिहितो. आणि दुसरंही लिहितो, की हे बोलताना माझ्या उजव्या गालात तंबाखूचा गोळा होता. घाईत थुंकायचा राहिला होता.

दोस्त भांडला नाही. हातातली पळी पातेल्यात सोडली आणि सगळ्यांसमोर एवढंच बोलला, "तू रोज म्हणतो चव न्हाई. मंग मी चव आणू कुठून?"

मी ते कबुलीजबाब म्हणून घेतलं आणि परतीची जीप धरली. रस्ताभर डोकं ठणकत होतं. आता व्हिडिओचीही खात्री पटली.

पुढच्या बाजाराला मी गेलो नाही, पण बातमी आलीच. बाळापूरहून आलेल्या दोघांनी सांगितलं की हाटेलात चार टाळकी होती, पातेलं जसंच्या तसं घरी गेलं. ज्याच्या भट्टीपुढं माणसं उभ्यानं खायची, तिथं तो एकटा बाकडी पुसत बसला होता. फोटो गावोगाव फिरला होता. असंच अजून दोन बाजार गेले तर तो भट्टी काढील, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, केलं तसं भोगलं. पण त्या दिवशी जेवणावर बसलो तर उठावंसं वाटेना आणि खावंसंही वाटेना.

होळीला माझी नात आली. ती परभणीला शिकायला आहे. अन्न कसं टिकवायचं, त्यात काय घालायचं आणि घातलं तर ते खायला चालतं का हे कसं तपासायचं, असलं शिक्षण. आमच्या घरात एवढी शिकलेली तीच पहिली. मी मोठ्या तोऱ्यात तिला सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, शाबासकी देईल. तिनं सवाल सुरू केले. पाकीट बंद होतं की सुटं? त्यावर परवान्याचा नंबर होता का? एवढ्या पातेल्यात किती टाकत होते? किती माणसांना त्रास झाला आणि त्यांनी आणखी काय खाल्लं होतं?

मी म्हटलं, "इखाला किती काय विचारते?"

"आबा, तेच तर आधी विचारायचं असतं. मीठसुद्धा वाटीभर खाल्लं तर माणूस मरंल."

मग तिनं मला समजावून सांगितलं, ते मला जसं समजलं तसं सांगतो. असली चव वाढवणारी पूड माणसाला देण्याआधी उंदरांना देतात. रोज थोडी, मग जास्त, मग आणखी जास्त, महिनोन् महिने. त्यांचं वजन, त्यांचं काळीज, त्यांची पिल्लं, सगळं तपासतात. कोणत्या मापापर्यंत त्यांना काहीच होत नाही ते ठरवतात. आणि बहुतेक वेळा त्या मापाचा शंभरावा हिस्सा माणसासाठी धरतात, कारण माणूस काही उंदीर नाही, आणि माणसातही लेकरू असतं, म्हातारं असतं, आजारी असतं. मी विचारलं, उंदराला चव कशी लागली ते विचारतात का. ती हसली. म्हणाली, चव सांगायला माणसंच लागतात, पण धोका आहे की नाही ते जिभेला समजत नाही, ते मापावरून समजतं. या पांढऱ्या पुडीची तर जगभर तपासणी झालेली. जे तिच्यात आहे ते टमाट्यात असतं आणि आईच्या दुधातही असतं. कोणाकोणाला भरपूर खाल्ल्यावर डोकं जड झाल्यासारखं वाटतं, त्यांनी खाऊ नये, एवढं साधं.

"माझं ठणकलं की," मी म्हटलं.

"मग तुमचीच परीक्षा घेऊ."

मी म्हटलं, घे. माझ्या जिभेची परीक्षा घेणारा अजून जन्माला यायचाय.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तिनं ओसरीवर चौघांना बसवलं. माझा पोरगा, सून, माझ्या बायकोची मैत्रीण असलेली शेजारची म्हातारी आणि मी. सुनेनं बिनमिठाचं वरण करून दिलं, पुढचं सगळं नातीनं आतल्या खोलीत एकटीनं केलं. चार वाडगे. तळाला चिठ्ठी चिकटवलेली. बाहेर आणल्यावर तिनं पाठ फिरवली आणि शेजारच्या म्हातारीला वाडग्यांच्या जागा बदलायला लावल्या. म्हणाली, कशात काय आहे हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नको, न्हाईतर तोंडावरून समजतं. ती म्हातारी जागा बदलताना अशी हसत होती जशी काही जुगारात बसली आहे.

सगळ्यांनी एकेक चमचा घ्यायचा, मधे पाणी प्यायचं आणि आपापलं तिच्या कानात सांगायचं.

मी सांगितलं ते असं. पहिल्याला चव न्हाई. दुसऱ्याला न्हाई. तिसऱ्यात मीठ कमी. चौथ्यात इख, कारण तो चमचा पोटात गेल्याबरोबर माझ्या कानशिलात ठणकायला लागलं. खरंच लागलं. मी नाटक केलं नाही.

तिनं वाडगे पालथे केले आणि चिठ्ठ्या वाचल्या. पहिल्यात रोजचं मीठ होतं. दुसऱ्यात मीठ आणि ती पांढरी पूड, फोटोत होतं तसंच पाकीट बघून आणलेलं. तिसऱ्यात तिप्पट मीठ. बाकी तिघांना तो वाडगा तोंडात धरवला नव्हता, म्हातारीनं तर अंगणात जाऊन थुंकला होता. आणि चौथ्यात काहीच नव्हतं. मीठसुद्धा नाही. नुसती डाळ आणि पाणी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग सून बोलली. पदर सावरत, माझ्याकडं न बघता. "मामा, आत्या गेल्यापासून तुमी ताटात वरून मीठ घेऊन राहिले. मी रोज बघते. मला वाटलं, माझ्या हातचं तुमाला गोड लागत न्हाई."

सहा महिने ती बाई मनात हे घेऊन स्वयंपाक करत होती आणि मी न बोलण्याचं कौतुक करत बसलो होतो. मी तिला म्हटलं, "तुझ्या हाताला काही झालं न्हाई. माझ्याच तोंडाला झालं." ती उठून आत गेली आणि आतून भांडी जोरात वाजली. ते चांगल्या मनानं वाजवलेलं होतं, मला आवाज ओळखता येतो.

नातीनं माझ्या बंडीच्या खिशाकडं बोट केलं. "आजी असताना दिवसाच्या किती पुड्या व्हायच्या?"

"दोन."

"आता?"

आता मोजत नाही. मी खिशावर हात ठेवला. ती म्हणाली, याला उंदीर लागत न्हाईत, आबा. ही तपासणी झालेली हाय, आणि निकाल तुमाला ठाऊक हाय. मोठं दुःख झालं की माणसाची चव जाते, असंही ती म्हणाली, वयानं बी जाते. पण गालातलं इख गालात ठेवून दुसऱ्याच्या पातेल्यात इख शोधायचं, हे बरं न्हाई. पोरगी आजीवर गेली आहे.

दुसऱ्याच दिवशी मी आणि नात बाळापूरला गेलो. तो भट्टीपुढं बसला होता, भट्टीत जाळ कमी. मला बघून उठला नाही. मी उभ्यानंच सांगितलं की बाबा, तुझा रस्सा ठीक होता, माझी जीभ मेली होती, मला तिप्पट मिठाचं वरण बी अळणी लागलं. मी सांगेन तसं तू टाकत गेलास आणि मीच तुझं पातेलं खारवून ठेवलं.

तो पोट धरून हसला. रोजा असताना एवढं हसू नये, पण हसला.

"चाळीस वर्सं रोज्यात मी आंधळा अन् तू डोळस," तो म्हणाला. "औंदा दोघं बी आंधळे, अन् बाजाराला रस्ता दाखवून राहिलो."

मग त्यानं सांगितलं की पूड काहून आणली. माझी बायको त्याला राखी बांधायची. ती गेल्यावर मी वाळत चाललो, हे तो बघत होता. मी चव न्हाई म्हटलं की त्याला रश्श्याची नाही, माझी काळजी लागायची. दुकानदारानं सांगितलं, ह्यानं कोणाच्याबी तोंडाला चव येते. म्हणून आणली.

मी बाकडं पुसलं आणि बसलो.

नातीनं पाकीट तपासलं. बंद आलेलं, तारीख बरोबर, परवान्याचा नंबर छापलेला. तो किती टाकायचा, हे विचारलं तर तीन बोटांची चिमूट. त्यात काही वावगं नव्हतं. मग तिनं मिठाचं विचारलं. एरवी दीड मूठ, औंदा तीन.

"चाचा, भानगड मिठात हाय," ती म्हणाली. "या पुडीत बी थोडा मिठाचाच अंश असतो. पूड टाकायची तर मीठ कमी करायचं. अन् टाकली तर पाटीवर लिहायचं. खाणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे."

त्यानं विचार केला आणि पाकीट दुकानदाराला परत पाठवलं. म्हणाला, ज्याच्यासाठी आणली त्यालाच लागत न्हाई, तर ठेवून काय करू. पण पाटीची गोष्ट त्याला आवडली.

त्याच आठवड्याच्या बाजाराला मी घरून दूधभाकर खाऊन निघालो. सुनेला मीच मागितली. पुडी तिच्याकडं दिली. ती कनवटीला खोचत नाही, डब्यात ठेवते, पण काम तेच. हाटेलासमोर माणसं येत होती आणि बघून पुढं जात होती. मी बाकड्यावर चढलो. गुडघ्यानं आवाज केला.

"त्या दिवशी मी ह्याच्या रश्श्यात इख हाय म्हटलं," मी मोठ्यानं सांगितलं. "इख माझ्या गालात व्हतं. तंबाखू. मला चव कळत न्हाई अन् मीच ह्याचं मीठ वाढवलं. तुमचा काय राग असंल तो माझ्यावर काढा, पण जेवून काढा."

लोक हसले. एकानं विचारलं, मग आता मीठ कोण चाखतं? त्यावर दोस्तानं पाटी फिरवली. नातीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: रश्श्यात पूड नाही. मीठ दीड मूठ. पहिल्या गिऱ्हाइकानं चाखून सांगावं, त्याचे पैसे नाहीत. पहिला पुढं आला तो सेनगावकडचा जीपवाला. त्यानं चाखलं, डोळे मिटले, फार मोठा जाणकार असल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, बराबर. माझ्या काळजात जरा कळ आली. पण पातेल्यावर झाकण बसलं, ते महत्त्वाचं. सगळी गिऱ्हाइकं त्या दिवशी आली नाहीत. निम्मी आली. उरलेली पुढच्या बाजाराला.

मी तंबाखू सोडली असं म्हणत नाही. दोनावर आणली.

पाडव्याला सुनेनं कडुलिंबाचा कोवळा पाला गूळ, ओवा आणि मीठ घालून वाटला. दर पाडव्याला माझी बायको पहिली गोळी माझ्या तोंडात स्वतः कोंबायची, कारण मी चुकवायचो. औंदा सुनेनं गोळी ताटात ठेवली आणि मी आपली आपण उचलली. चावली. आणि जिभेच्या मुळापासून टाळूपर्यंत असं कडूझार लागलं की डोळ्यांत पाणी आलं. पोरगं धावत आलं, त्याला वाटलं मला काही झालं. मी म्हटलं, कडू हाय रे, लई कडू हाय, अन् दुसरी गोळी मागितली. घरात सगळे माझ्याकडं बघत राहिले. फोटोतली ती पण.

त्याच आठवड्यात ईद आली. मी दोस्ताच्या घरी गेलो. त्यानं पहिली वाटी शिरखुर्म्याची माझ्यापुढं ठेवली आणि समोर बसला. रोजे संपले होते, आता तो स्वतः चाखू शकत होता. पण चाखला नाही. माझ्या तोंडाकडं बघत बसला. मी पहिली वाटी संपवली. त्यानं दुसरी भरली. ती पण संपवली, वाटी खाली ठेवली आणि सांगितलं, "साखर जास्त झाली."

त्यानं एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ तोंडातच ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "जास्त हाय." मग आतल्या दाराकडं तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं की तो साखर जास्त झाली म्हणतोय, आणि खरं म्हणतोय.

आतून आवाज आला, "तो दो कटोऱ्या कायको खाये, पूछो उनको."